कशी लागली ते सांगा

"पिशवीत काय आणलास बे, महेश्वर?"

अण्णा जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले होते. चन्नवीरअण्णा, माझे थोरले भाऊ. वय अठ्ठ्याहत्तर. खालचा मजला त्यांचा, वरचा माझा, आणि वर जायला जिना एकच.

"पुस्तकं," मी म्हणालो.

"अजून किती वाचतोस. डोळे जातील."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली, तसं आत काहीतरी डुचमळलं. पुस्तकं डुचमळत नाहीत. अण्णांनी ऐकलं असावं असं वाटून मी जागीच थांबलो. मग थांबल्यामुळे जास्त संशय येईल असं वाटून पायऱ्या चढू लागलो. मागून हाक आली नाही.

कॉलेजच्या ग्रंथालयात मी साहाय्यक म्हणून लागलो आणि साहाय्यक म्हणूनच निवृत्त झालो. माझ्या पिशवीत पुस्तकांशिवाय दुसरं काही असेल, अशी शंका आमच्या गल्लीत आजवर कुणाला आलेली नाही. त्या गुरुवारी पिशवीत वाइनची बाटली होती. इटलीची तांबडी वाइन, सेंद्रिय शेतातल्या द्राक्षांची. माझ्या मुलीनं, भुवनेश्वरीनं, स्वतःच्या हातानं केलेली.

भुवनाची मैत्रीण प्रियंका इटलीला जाऊन आली होती. तिनं मला जुळे सोलापुरात तिच्या घरी बोलावून घेतलं. "काका, स्वेटरमध्ये गुंडाळून आणलीय. तुमच्याच हातात द्यायला सांगितलंय," असं म्हणून तिनं ती बाटली आणि एक पाकीट दिलं. परत येताना रिक्षा चौकात थांबली. समोर दोन पोलीस उभे होते. आपल्याकडे परवाना नाही, हे मला तेव्हाच आठवावं! पोलीस उसाचा रस पीत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, तरी घर येईपर्यंत माझी बोटं पिशवीच्या बंदावरून सुटली नाहीत.

न्हाणीघरात जाऊन कडी लावली आणि पत्र वाचलं.

"अप्पा, ही मी केली आहे. आमच्या मालकीणबाईंनी डोंगराकडच्या वेलींच्या चार ओळी माझ्यावर सोपवल्या होत्या. इथं वेलींमधलं तण औषधानं मारत नाहीत. आम्ही मधे घेवड्यासारखा बाकला आणि मोहरी पेरतो आणि फुलावर आली की मातीत गाडतो. द्राक्षाच्या सालीवर जे असतं त्यानंच रस आंबतो, बाहेरचं काही घालत नाही. टिकण्यासाठीही यात काही घातलेलं नाही, म्हणून अंधारात आणि थंड जागी ठेवा. रविवारी फोन करीन. आधी तुमच्याशीच बोलेन. कशी लागली ते सांगा. 'चांगली आहे' म्हणू नका, ते तुम्ही सगळ्यालाच म्हणता. खरं सांगणार नसाल तर फोन अव्वाला द्या, नेहमीसारखा."

'नेहमीसारखा' या शब्दावर मी बराच वेळ थांबलो.

तीन वर्षांपूर्वी भुवना सुट्टीला आली होती. अण्णा वर चहाला आले होते. "तिकडं नेमकं काय करतीस गं?" त्यांनी सहज विचारलं, आणि तिनं द्राक्ष तोडण्यापासून पिंप भरण्यापर्यंत सगळं उत्साहानं सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे दारू गाळतीस. गळ्यात लिंग बांधून दारू गाळतीस." भुवना माझ्याकडे वळली. "अप्पा, तुम्ही तरी सांगा ना." माझ्या हातात वर्तमानपत्र होतं. मी पान उलटलं. ती दोन दिवस आधीच निघून गेली. तेव्हापासून दर रविवारी अकरा वाजता तिचा फोन येतो. मी उचलला की ती म्हणते, "अव्वाला द्या." तीन वर्षांत माझ्या वाट्याला एवढे दोनच शब्द आले. माझी तक्रार नाही. ती कुठल्या तोंडानं करणार?

अण्णांचंही सांगायला हवं. वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. अण्णांनी शाळा सोडली, चाटी गल्लीत सुताच्या पेढीवर बसले आणि मला शिकवलं. मी पुस्तकांत रमलो ते त्यांच्या जिवावर. त्यांच्यासमोर माझा आवाज कधी वर गेला नाही. तो चढवायचा प्रयत्नही मी कधी केला नाही.

बाटली ठेवायची कुठं? फ्रिज गिरिजाच्या ताब्यात. गिरिजा म्हणजे माझी बायको, भुवनाची अव्वा. हौदात सोडावी तर पूजेचं पाणी तिथलंच. खाटेखाली ती रोज झाडते. राहिला स्वयंपाकघरावरचा माळा. तिथं माझी सहाशे पुस्तकं आहेत आणि शिडी लावल्याशिवाय तिथं कुणी चढत नाही. स्वयंपाकघरावर स्लॅब नाही, पत्रा आहे. मे महिना होता, पारा त्रेचाळीसवर होता. पत्रात दोन गोष्टी मागितल्या होत्या, अंधार आणि थंडावा. अंधार माझ्याकडे होता. इतकी वर्षं पुस्तकांना त्या पत्र्याखाली काही झालं नाही, बाटलीला तीन दिवसांत काय होणार, अशी मी माझी समजूत घातली. गिरिजा शेजारी पापड लाटायला गेली होती. मी शिडी लावली, बाटली जुन्या कोशांच्या मागे आडवी ठेवली आणि खाली उतरलो. 

शुक्रवारी कॉलेजच्या ग्रंथालयात गेलो. नवीन ग्रंथपाल मला अजून बसू देतात. वाइनची चव कशी सांगतात, हे शोधायला मी कोश उघडला. चेरी, चामडं, जांभळी रानफुलं, तंबाखूची पेटी असं लिहिलं होतं. चेरी मी फक्त केकवर पाहिली आहे. चामडं चाखलेलं नाही. हे शब्द उसने घेऊन बोललो तर भुवना लगेच ओळखेल. दोन पानं पुढे एक वाक्य होतं: वाइन फार तापली की शिजते, बूच वर येतं, आणि एकदा शिजलेली वाइन पुन्हा पूर्वीसारखी होत नाही.

मी कोश मिटला. ग्रंथपालांनी विचारलं, "सर, बरं वाटत नाही का?"

घरी पोचलो तर गिरिजा माळ्याच्या बरोबर खाली बसून शेंगाची चटणी कुटत होती. ती दुधनी गावची. दाणे मंद आचेवर भाजलेत की घाईनं, हे ती दारातून वासावर सांगते. शिडी तिच्या पाठीमागे भिंतीला टेकवलेली होती.

"काय पायजे?" तिनं वर न बघता विचारलं.

"पाणी."

"माठ तिकडं हाय. माझ्या डोक्यावर काय बघायलाव?"

संध्याकाळपर्यंत ती तिथून हलली नाही. कुटून झालं, मग निवडणं, मग शेजारची भुलाबाई लेकीच्या बाळंतपणाचं सांगायला आली. मी चार वेळा पाणी प्यालो. पत्रा दिवसभर तापून ताडताड वाजत होता आणि प्रत्येक आवाजाला मला वाटत होतं की बूच उडालं.

शनिवारी सकाळी पूजेला बसलो. डाव्या तळहातावर इष्टलिंग घेतलं, पण कान माळ्याकडे होते आणि भस्म सगळं मनगटावर सांडलं. गिरिजानं ते पाहिलं.

नऊला अण्णा चहाला वर आले. बसले, बशीत चहा ओतला आणि बशी ओठाशी नेता नेता थांबले.

"वास कसला येतोय गं गिरिजा? आंबूस."

मी वर पाहिलं. पाहायला नको होतं. माळ्याच्या कडेला चिलटांचा एक बारीक ढग घोंगावत होता. माझ्या पाठीतून घामाची धार निघाली. आता अण्णा उठतील, शिडी लावायला सांगतील, आणि मी स्वतःच ती लावून देईन, हे मला स्पष्ट दिसलं.

"डोशाचं पीठ फुगलंय, भावजी," गिरिजा म्हणाली. "उन्हाळा हाय की."

"मग झाकून ठेव. आणि हा असा घामाघूम का झालाय?"

"ते रोजच होतेत. पुस्तक वाचलं तरी घाम येतोय त्यांना."

अण्णा हसले, चहा संपवला आणि खाली गेले. त्यांच्या काठीचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत पोचू दिला आणि मग गिरिजानं दाराला कडी घातली.

"शिडी लावा," ती म्हणाली.

"कशाला?"

"घरात आज पीठच न्हाई. लावा."

बाटली खाली आणली. बूच बोटभर वर आलं होतं, कडेनं तांबडा ओघळ उतरून वाळला होता आणि दोन कोशांच्या कडा जांभळ्या झाल्या होत्या. मी पत्र तिच्या हातात दिलं. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. ती ओठ हलवत, सावकाश, शेवटपर्यंत वाचत गेली. मी शिव्यांची वाट पाहत उभा होतो.

"दर रविवारी मी बोलते तिच्याशी," ती म्हणाली. "गुडघा कसा हाय, जेवलीस का, थंडी हाय का. तीन वर्षं. आणि बाटली तुमाला."



तिनं पक्कड आणून दिली. बूच सहज निघालं. गिरिजानं बाटलीच्या तोंडाशी नाक नेलं, डोळे मिटले, आणि लांब झाली.

"काकवी. काहील उतरवायला उशीर झाला की गुऱ्हाळात असाच वास येतोय. कुटं ठेवावं कळलं न्हाई तुमाला? तिनं थंड जागी म्हणलंय की."

"फ्रिज तुझा."

"मग?"

"भ्यालो."

"मला?"

"तुला. अण्णांना. सगळ्यांनाच."

 तिनं स्टीलची वाटी आणून माझ्यासमोर ठेवली आणि अर्धी भरली. रंग इतका गडद होता की वाटीचा तळ दिसेना.

"घ्या."

माझा हात नकळत छातीवर गेला. बनियनच्या आत चांदीची करडगी होती आणि तिच्यात लिंग.

"त्याला सगळं ठाऊक हाय," गिरिजा म्हणाली. "गुरुवारपासनं ठाऊक हाय. तुमीच त्याला ठाऊक न्हाई असं धरून भ्यायलाव."

पहिल्या घोटाला काहीच कळलं नाही. तोंड भीतीनं आधीच कोरडं पडलं होतं.

"कशी लागली?"

"चांगली आहे," मी म्हणालो.

"हां. हेच सांगा तिला. मग फोन माझ्याकडं द्या."

मी दुसरा घोट घेतला आणि तोंडात धरून ठेवला. आधी आली ती काकवीच, शिजलेली, जडशी, ऊन लागून मऊ पडलेल्या मुरांब्यासारखी. तिच्यात जीव नव्हता. मी गिळणार होतो, एवढ्यात जिभेच्या दोन्ही कडांना आंबट लागलं.

"आंबट," मी म्हणालो.

"कसलं? चिंचेचं का लिंबाचं?"

"करवंदाचं. पुरतं न पिकलेल्या."

"मग?"

"मग तुरट. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जाड होते तसं. नाही, त्याहून सावकाश. कच्ची सुपारी चघळली की हिरड्या ओढल्या जातात, तसं."

"जांभळाचं आधी येतंय का सुपारीचं? नीट सांगा, लेकीनं वर्ष घातलंय त्यात."

तिसरा घोट घेतला. जांभूळ आधी, सुपारी नंतर. आणि सगळं निघून गेल्यावर, मी वाटी खाली ठेवल्यावर, तोंडात एक गोष्ट मागे राहिली. तिला शब्द सापडायला मला वेळ लागला. नवा माठ आणला की पहिल्या दिवशीच्या पाण्याला मातीची चव असते, ती. गार, किंचित खारट. इतकं तापूनही ती गार होती.

मला बरं वाटायला हवं होतं. उलट नवाच प्रश्न पडला. यातलं भुवनाचं काय आणि माझ्या पत्र्याचं काय? काकवी माझी, हे कोशावरून आणि गिरिजाच्या नाकावरून कळत होतं. पण आंबटपणाही वाढला असेल तर? तुरटपणा बोथट झाला असेल तर? तापल्याचं न सांगता नुसती चव सांगितली, तर तिला वाटेल की आपल्या चार ओळींचं काम फसलं. आणि तापल्याचं सांगितलं तर तिला कळेल की बाप याही वेळी भ्याला. तीन वर्षांनी एकदा फोन माझ्यासाठी येणार होता. तो शेवटचा ठरू शकत होता.

"मी नाही पीत," गिरिजा म्हणाली, मी न विचारताच. पण वाटी विसळायच्या आधी तिनं करंगळी बुडवून जिभेला लावलेली मी पाहिली. तिनं पाठ फिरवली होती.

रविवारी अण्णा नऊला आले नाहीत. मी देवाचे आभार मानत होतो, तोच पावणेअकराला काठी वाजली.

"मठात बैठक होती," ते खुर्चीत बसत म्हणाले. "भुवनाचा फोन येतो ना आज? मी पण दोन शब्द बोलतो. किती दिवस पोरीनं रुसायचं."

गिरिजानं माझ्याकडे पाहिलं. "भावजी, उकडायलंय हितं. खाली बसा, मी चहा तितंच आणते."

"हितं पंखा हाय की."

अकरा वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला. गिरिजानं उचलला नाही. तो टेबलावर थरथरत सरकत माझ्याकडे आला. आतल्या खोलीत जाऊन बोलता आलं असतं, दार लोटून, हळू आवाजात. मी उठलोसुद्धा. पण दोन पावलं टाकता येतील असा भरवसा नव्हता. मी उभ्यानंच टेबलाची कड धरली आणि फोन कानाला लावला.

"अव्वा?"

"नाही. मी आहे."

 तिच्याकडे सकाळचे साडेसात वाजले असतील, मागे कुठलीतरी पाखरं ओरडत होती.

"कशी लागली, अप्पा?"

अण्णा माझ्याकडेच बघत होते.  'चांगली आहे' हे दोन शब्द ओठांवर आले होते, आयुष्यभर तेच तिथं तयार असतात.

"भुवना, मी चूक केली," मी म्हणालो. "थंड जागी ठेवली नाही. माळ्यावर लपवली, पत्र्याखाली, दोन दिवस. शिजली ती. पहिल्यांदा काकवीसारखी लागते. ते तुझ्या द्राक्षांचं नाही. ते माझं आहे. मी भ्यालो म्हणून झालं."

"कशाबद्दल बोलायलास बे?" अण्णांनी विचारलं.

 फोन बाजूला न करताच मी म्हणालो, "वाइनबद्दल, अण्णा. भुवनानं केलेली. काल मी प्यालो."

आवाज माझाच होता, पण मला तो दुसऱ्या खोलीतून येतोय असं वाटलं. अण्णांचे डोळे माझ्या तोंडावरून खाली उतरले आणि छातीवर, सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीपाशी, थांबले. ते ओरडले असते तर मी सहन केलं असतं. लहानपणी एकदा मारलं होतं तसं मारलं असतं तरी चाललं असतं.  ते खुर्चीचे हात धरून उठले. गिरिजा पुढे झाली, तिचा हात त्यांनी बाजूला केला. 

"अप्पा, कोण आहे तिथं?"

"अण्णा आहेत."

"त्यांच्यासमोर बोलताय?"

"हो."

जिन्यावर काठी वाजू लागली. एक पायरी, थांबणं, पुढची पायरी. मला धावत जाऊन त्यांचा दंड धरायचा होता. रोज ते उतरतात तेव्हा काठी खाली पोचेपर्यंत मी कान देऊन असतो. फोन कानाला होता. मी गेलो नाही.

"काकवीनंतर काय?" भुवनानं विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"करवंद. मग जांभूळ, मग सुपारी. पण हे बरोबर आहे की नाही, मला सांगता येणार नाही. मला यातलं काही कळत नाही."

"आणि शेवटी? गिळल्यावर काय राहतं?"

"नव्या माठातलं पाणी. पहिल्या दिवसाचं."

 

"ती इथली माती आहे," ती म्हणाली. "डोंगराकडची. मालकीणबाई म्हणतात, ती फक्त त्याच चार ओळींत येते."

खाली अण्णांचं दार लागलं. मग आतून कडी सरकवल्याचा आवाज आला. एवढ्या वर्षांत दिवसाढवळ्या ती कडी मी कधी ऐकली नव्हती. गिरिजा जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून खाली बघत होती. तिनं तोंडावर पदर धरला होता.

"अप्पा, आहात ना?"

"आहे."

"जरा थांबा, कागद घेते. पहिल्यापासून सांगा. काकवीचंसुद्धा."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला, ड्रॉवर उघडला, पाखरं थोडी दूर गेली. 

"सांगा," ती म्हणाली. "हळू सांगा, मी लिहून घेतेय."

टेबलाची कड न सोडता मी पहिल्यापासून सांगू लागलो.